तो काठावर, मी कयाकमध्ये

माझ्या नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा तो गाडीवरून कयाक उतरवत होता. शनिवारची सकाळ होती. पहाटे मासे पकडायला गेलेला माणूस नेहमीसारखा नाश्त्याच्या वेळेला परत आला होता आणि मी त्याच्यासाठी आम्लेट करत होते. सिंकच्या वरच्या खिडकीतून आमचा ड्राइव्हवे दिसतो. तो गाडीपाशी उभा होता, हातात कयाक बांधायच्या पट्ट्याचं टोक होतं, आणि त्या टोकाकडे तो असा बघत होता की जणू ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच हातात आली आहे. मी काचेवर टकटक केलं. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग कुणीतरी खांदे धरून बसवावं तसा सावकाश गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला.

पुढचं सगळं भराभर झालं. अॅम्ब्युलन्स वेळेत आली, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय अर्धवट लुळे राहिले, आणि शब्द गेले.

शब्द गेले म्हणजे समज गेली नाही, हे लोकांना सांगून सांगून मी थकले. भेटायला येणारे त्याच्याशी मोठ्याने आणि तुटक बोलायचे, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. त्याला सगळं कळत होतं. पण बोलायला गेला की हवा तो शब्द यायचाच नाही. त्याच्या जागी एकच शब्द यायचा, खिडकी. पाणी हवं असलं तरी खिडकी, उशी सरकवायची असली तरी खिडकी, मुलीला हाक मारायची असली तरी तेच. शब्द बाहेर पडला की त्याला स्वतःलाच कळायचं, चुकलं. मग तो डोळे मिटून घ्यायचा. मी डॉक्टरांना विचारलं, त्या सकाळी त्याने शेवटचं मला खिडकीत पाहिलं, म्हणून असेल का? ते म्हणाले, त्यात अर्थ शोधू नका. मेंदू असा एखादाच शब्द धरून बसतो. कुणाचा मंगळवार असतो, कुणाची शिवी असते.

मी इथे सिडनीत वेस्टमीड हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तो वरच्या मजल्यावर अॅडमिट होता आणि मी खाली शिफ्टला. त्याच्या रक्ताच्या नळ्या माझ्याच बाकावर यायच्या. नळीवरच्या लेबलावर त्याचं नाव वाचायचं, नळी मशीनमध्ये ठेवायची आणि आकडे येईपर्यंत थांबायचं. आकडे सगळे ठीक यायचे. इतके ठीक की मला राग यायचा. लिव्हर चांगलं, किडनी चांगली, साखर चांगली, आणि वर पलंगावर माणूस चमच्याला खिडकी म्हणतोय.

स्पीच थेरपिस्ट एक तरुण ऑस्ट्रेलियन मुलगी होती. फार गोड आणि फार मेहनती. ती चित्रांची कार्डं दाखवायची. कपाचं चित्र दाखवून विचारायची, "व्हॉट्स धिस वन?" तो घाम फुटेपर्यंत जोर लावायचा आणि म्हणायचा, खिडकी. तिला मराठी कुठून कळणार? ती आशेने माझ्याकडे वळली. "इज दॅट द वर्ड फॉर कप?"

मी मान हलवली. नाही म्हणाले.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची चुगली केली होती. पुढे बरेच दिवस थेरपीच्या वेळी मी कॉरिडॉरमध्ये उभी राहायचे.

तो मूळचा वसईचा. वाडीत वाढलेला. तिथे प्रत्येक वाडीत एक बावखल असायचं, म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं, केळी-नारळीला पाणी द्यायला खणलेलं. शाळा सुटली की हा आणि याचे चुलतभाऊ बावखलात गळ टाकून बसायचे. मी ठाण्याची, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली. पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे टाकी येते. मला पोहता येत नाही.

सिडनीला आल्यावर पहिली काही वर्षं नोकरी, घर, मुलीची शाळा यांतच गेली. मग ऑफिसमधल्या कुणीतरी त्याला एकदा नदीवर नेलं आणि त्याला बास नावाचा मासा भेटला. भेटला असंच तो म्हणायचा. काळपट पाठीचा, ब्राँझसारखा चमकणारा, हातभर लांबीचा इथला मासा. त्यानंतर आमच्या पेंडल हिलच्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरली नाही. भिंतीवर कयाक टांगली, शेल्फवर रॉड आणि रीळं आली, आणि डब्यांमागून डबे ल्युअरचे. ल्युअर म्हणजे खोटं आमिष. कुणी छोट्या माशासारखं, कुणाच्या पुढे फिरणारं पितळी पातं, कुणी रबराचा किडा. त्याचं सर्वांत लाडकं होतं ते सिकाडाच्या आकाराचं. उन्हाळ्यात इथल्या झाडांवर ते किडे कान किटतील इतके ओरडतात, त्यातला एखादा पाण्यात पडला की बास खालून येऊन त्याला गिळतो. हे मला जेवताना सांगितलं जायचं. मी भात वाढत हं हं करायचे.

आणि पकडलेला प्रत्येक मासा तो सोडून द्यायचा! आम्ही मासे खाणारी माणसं. मी म्हणायचे, "सोडायचाच आहे तर पकडतोस कशाला?" तो हसायचा. हात आधी पाण्यात ओले करायचे, मगच मासा धरायचा, गळांची उलटी टोकं पक्कडीने आधीच दाबून सपाट करायची म्हणजे सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही, असलं सगळं त्याचं शास्त्र.

तो घरी आल्यावर थेरपिस्टने सांगितलं, पूर्वी जे आवडायचं त्याच्या आसपास त्याला राहू दे. म्हणून मी त्याची खुर्ची गॅरेजमध्ये नेली. तो ल्युअरचा डबा मांडीवर घेऊन बसायचा, डाव्या हाताने एकेक ल्युअर उचलून उजेडात धरायचा आणि परत ठेवायचा. तासन् तास. एक दिवस त्याने भिंतीवरच्या कयाककडे बोट दाखवलं.

"नाही रे," मी म्हणाले. "फिजिओने सांगितलंय ना, इतक्यात पाण्यात नाही जायचं."

त्याने जोरात मान हलवली. पुन्हा कयाककडे बोट. मग ते बोट माझ्याकडे.

"मी?"

त्याने डोळे मिटून हो अशी खूण केली.

"मला पोहता येत नाही, तुला माहितीये."

त्याने शेल्फवरच्या लाइफ जॅकेटकडे बोट दाखवलं.

मी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आमची मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, घरीच राहते. ती म्हणाली, "मॉम, यू डोन्ट हॅव टू डू धिस. ही वोन्ट रिमेंबर." पण त्याच्या लक्षात राहणार होतं, तेच तर होतं. इतक्या महिन्यांत त्याने माझ्याकडे काही मागितलं आणि ते मला नीट कळलं, अशी ही पहिली गोष्ट होती. ती नाकारायची कशी?

मग शिकवणी सुरू झाली. ल्युअर लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला, बांधायची एक गाठ असते. तो पूर्वी बोलता बोलता न बघता बांधायचा. आता माझी बोटं आणि त्याचे डोळे. मी फोनवर व्हिडिओ लावून गाठ मारायचे, त्याच्यापुढे धरायचे, तो डाव्या हाताने ओढायचा आणि गाठ सुटायची. पुन्हा. पुन्हा सुटायची. एकदा त्याने चिडून अख्खी लाइन माझ्या हातातून हिसकावली आणि ती त्याच्याच बोटांत, चष्म्यात आणि खुर्चीच्या हातात अशी गुंतली की मला कात्रीने त्याला सोडवावं लागलं. मी कापत होते आणि तो पुटपुटत होता, खिडकी, खिडकी. मला हसू यायला लागलं. त्यालाही आलं. एका बाजूने वाकडं झालेलं ते हसू मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

विंडसरच्या पुढे एका म्हाताऱ्या बाईची जमीन आहे. नवरा वारलेला, मुलगा क्वीन्सलँडला, थोड्या गायी आणि मधोमध एक तळं. इथे शेतातल्या तळ्याला डॅमच म्हणतात. तिच्या नवऱ्याने फार वर्षांपूर्वी त्यात बासची पिल्लं सोडली होती. माझ्या नवऱ्याने एकदा तिची भरकटलेली गाय रस्त्यावरून आत हाकून दिली होती, तेव्हापासून ती त्याला तिथे मासे पकडू द्यायची. त्याने मला एकदा सांगितलं होतं, या तळ्यातल्या माशांना पिल्लं होत नाहीत. बासला अंडी घालायला नदीतून खाली खाऱ्या पाण्यापर्यंत जावं लागतं, आणि इथून वाट नाही. जेवढे सोडले तेवढेच, मरेपर्यंत इथेच फिरतात.

तिला फोन केला तर ती म्हणाली, "ब्रिंग हिम, लव्ह. नो वरीज."

फेब्रुवारीतला रविवार होता, इथला भर उन्हाळा. चर्चच्या सकाळच्या मिसऐवजी संध्याकाळच्या मिसला जायचं ठरवून आम्ही निघालो. शेजाऱ्याने कयाक गाडीवर चढवून दिली. तिथे पोचल्यावर म्हातारीने त्याला शेतातल्या चारचाकी क्वाड बाइकच्या मागे बसवून तळ्यापर्यंत नेलं, गम ट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या सावलीत घडीची खुर्ची मांडली, मला कयाक पाण्यात ढकलून दिली आणि म्हणाली, "मी घरी आहे. काही लागलं तर फोन कर." मग ती गेली.

तळं फार मोठं नव्हतं. तपकिरी पाणी, कडेला वेली-शेवाळ, आणि पलीकडच्या बाजूला एक मेलेलं झाड, अर्धं पाण्यात बुडालेलं, वर नुसत्या पांढऱ्या फांद्या. मी लाइफ जॅकेटमध्ये कोंबलेली, हातात वल्हं. एकीकडे वल्हवलं की कयाक गोल फिरायची. दुसरीकडे वल्हवलं की उलटी गोल. काठावरून तो डाव्या हाताने खुणा करत होता, सावकाश, सावकाश.  हळूहळू कयाक सरळ जायला लागली.

ल्युअर फेकणं त्याहून कठीण. पहिली फेक माझ्याच टोपीत अडकली. दुसरी वेलीत. तिसरी चक्क पाण्यात पडली आणि मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने अंगठा दाखवला, मग त्याच हाताने झाडाकडे बोट केलं. तिकडे जा.

मी गेले. वाऱ्यानेच नेलं म्हणायचं. त्या पांढऱ्या फांद्यांपासून थोड्या अंतरावर मी तो सिकाडा टाकला. तो पाण्यावर पडला, वर्तुळं उठली. तो पूर्वी जेवताना सांगायचा, पडल्यावर लगेच ओढू नको, वर्तुळं विरेपर्यंत थांब. मी थांबले. किडे झाडांवर किंचाळत होते. मी रिळाचा एक वेढा दिला आणि पाण्याने ल्युअर गिळला. आवाज झाला, दार आपटल्यासारखा. रॉड हातात असा वाकला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

काठावर तो उभा राहिला. एकटा, आधार न घेता. "खिडकी!" तो ओरडला. "खिडकी! खिडकी!"

डावा हात तो स्वतःकडे जोरजोरात ओढत होता. मला वाटलं, मला बोलावतोय. परत ये म्हणतोय, काहीतरी चुकलंय. मी रीळ सोडलं आणि वल्हं घ्यायला वाकले. आता मला ठाऊक आहे, तो सांगत होता, माशाला झाडापासून दूर ओढ, जोरात ओढ, थांबू नको. मी नेमकी थांबले. माशाला तेवढंच हवं होतं. लाइन सुर्रकन झाडाखाली गेली आणि तिथेच घट्ट बसली. मी ओढलं तर मासा नाही, कयाकच झाडाकडे सरकायला लागली. पण दोरीच्या त्या टोकाला जीव होता. धडक, थांब, धडक. ते रॉडमधून माझ्या मनगटापर्यंत येत होतं.

मी पुन्हा काठाकडे पाहिलं. खुर्चीपाशी तो नव्हता.

तो पाण्याकडे चालत येत होता. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली होती. उजवा पाय ओढत, एक हात माझ्या दिशेने पुढे केलेला. "थांब!" मी ओरडले. "अरे, थांब तिथेच! येते मी!" गायींनी पाणी पिऊन पिऊन काठाचा चिखल केला होता. त्याचा वाकडा पाय त्यात रुतला, शरीर पुढे गेलं, पाय मागेच राहिला. तो आधी गुडघ्यावर आणि मग कुशीवर पाण्यात पडला.

एका हातात रॉड असताना वल्हवता येत नाही. मी रॉड सोडून दिला. त्याचा सगळ्यांत लाडका रॉड, मी नुसती बोटं उघडली आणि तो बुडाला. मग वल्हवायला लागले, आणि घाईत कयाक पुन्हा गोल फिरायला लागली. सगळ्या अंगाचा जोर लावून मी जागच्या जागी फिरत होते, आणि दर फेरीला तो मला एकदा दिसायचा आणि जायचा. कसाबसा डाव्या कोपरावर उठलेला. मग फांद्या. मग पुन्हा तो, आता बसलेला, छातीपर्यंत पाण्यात. मी देवाचं नाव घेत होते की त्याला शिव्या देत होते, कोण जाणे.

शेवटी पोचले. कयाकमधून उतरले ती घसरूनच. पाणी कंबरेइतकं होतं. बुडण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला उठता येत नव्हतं आणि मला उचलता येत नव्हतं. काखेत हात घालून ओढलं तर दोघांचे पाय रुतले. पाठीमागून ढकललं तर तो पुढे कलंडला. मी त्याला धरून त्याच्या शेजारी चिखलात बसले आणि रडायला लागले. बऱ्याच महिन्यांचं होतं ते. तो रडत नव्हता. तो झाडाकडे बोट दाखवत होता.

"खिडकी," तो म्हणाला.

"रॉड ना? काढू मग. जाऊ दे आता."

त्याने मान हलवली.

"ल्युअर? अरे, शंभर आहेत तुझ्याकडे."

मान हलवली. डोळे भरून आले होते, आता रागाने. त्याने चिखलाने भरलेला डावा हात माझ्यापुढे धरला, अंगठा आणि बोटं एकमेकांना टेकवली, उघडली, टेकवली, उघडली. तोंड. श्वास घेणारं तोंड. मग त्याच बोटांनी स्वतःचा गाल आतून गळ लागल्यासारखा ओढला आणि परत झाडाकडे बोट केलं.

"मासा," मी म्हणाले. "मासा अडकलाय तिथे. बांधला गेलाय."

त्याने डोळे मिटले. हो.

तो माझ्यासाठी पाण्यात उतरला नव्हता. मला काही झालं नव्हतं, हे त्याला दिसत होतं. तो त्या माशासाठी निघाला होता, अर्ध्या शरीराने, पलीकडच्या काठापर्यंत. मला राग यायला हवा होता. आला नाही. इतके महिने तो काय म्हणतोय याचे मी अंदाज बांधत होते आणि हा एक बरोबर निघाला होता.

फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत कयाकला बांधलेला होता. मी फोन केल्यावर म्हातारी क्वाड बाइकवर आली, बूट न काढता सरळ पाण्यात शिरली. "राइट," म्हणाली, "नवऱ्याला मी शेवटी शेवटी रोज असाच उठवायचे." तिने घडीची खुर्ची पाण्यातच त्याच्या मागे रोवली, एका बाजूने पॅन्टचा पट्टा तिने धरला, दुसऱ्या बाजूने मी, आणि तीन झटक्यांत तो खुर्चीत आला. तिथून मग काठावर. तिने त्याच्या खांद्यावर घोड्याची जुनी झूल टाकली आणि म्हणाली, "घरी चला, गरम शॉवर घ्या."

तो हलेना. खुर्चीचा हात धरून बसला. मी तिला सांगितलं, मासा अडकलाय. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वेल," म्हणाली, "मी आहे इथे त्याच्यापाशी. तू जा."

म्हणून मी पुन्हा गेले. या वेळी कयाक बरी चालली, किंवा मला पर्वा उरली नव्हती. झाडापाशी एका फांदीला लाइनचा विळखा बसलेला दिसला. एक टोक सैल, बुडालेल्या रॉडकडे जाणारं. दुसरं खाली, फांद्यांच्या आत. मी ते बोटात धरलं. अजून धडक होती, पण लहान. थांबून थांबून.

मी कोपरापर्यंत हात घातला. मग खांद्यापर्यंत. गाल पाण्याला टेकला, कयाक इतकी कलली की पलीकडची कड वर आली. पाणी तपकिरी, आतलं काही दिसत नव्हतं. एकदाच काहीतरी चमकलं, ब्राँझसारखं, मासा असेल किंवा नुसतं ऊन. ओढून पाहिलं, लाइन सुटेना. वर कापली तर तो खालच्या फांदीला तसाच बांधलेला राहणार, एवढं मला कळत होतं. त्यामुळे जितक्या खाली हात पोचला तितक्या खाली जॅकेटच्या खिशातला कटर नेला आणि दाबला.

लाइन सैल झाली. मी हात तसाच पाण्यात ठेवून थांबले. धडक नव्हती. तो सुटून गेला म्हणून नव्हती, की माझ्या हातातलं टोकच कापलं गेलं आणि तो खाली तसाच आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मी बराच वेळ वाकून बघत राहिले. एक सिकाडा, खरा, पाण्यावर पडला आणि पाय मारत राहिला. त्याला घ्यायला कुणी आलं नाही.

काठावर तो माझा चेहरा वाचत होता. सुटला म्हणून सांगणं सोपं होतं. वाटेत मी तसं ठरवलंही होतं. पण ज्याला बोलून मला खोटं ठरवता येत नाही त्याच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले. "कापली लाइन. पुढचं माहीत नाही."

म्हातारी म्हणाली, "ही विल शेक इट ऑफ, डार्ल." तसं होतं म्हणतात. टोकं दाबलेले गळ असले तर मासा झटकून टाकतो. पण बांधलेला मासा झटकणार कसा, ते मी तिला विचारलं नाही. त्याने तिच्याकडे पाहून मान डोलावली, सभ्यपणे.

घरी आल्यावर मुलगी संतापली. "व्हॉट वर यू थिंकिंग? ही कुड हॅव ड्राउन्ड! यू कुड हॅव ड्राउन्ड!" तिचं सगळं खरं होतं. मग तिने त्याच्या पायांच्या बोटांमधला चिखल टॉवेलने पुसला, एकेक बोट धरून. संध्याकाळची मिस राहिली.

त्यानंतर त्याला ताप आला, तो उतरला. हिवाळ्यात थोडे शब्द आले. 'हो' आला, 'नको' आला, 'चहा' आला. 'नको' सगळ्यांत स्पष्ट. वसईहून त्याची आई दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, ती बोलत राहते आणि तो हो म्हणतो. वाक्य अजून येत नाही. थेरपिस्ट म्हणते, वेळ लागेल. किती, ते ती सांगत नाही आणि मी विचारणं सोडलंय. मी पुन्हा कयाकमध्ये बसले नाही. त्यानेही पुन्हा बोट दाखवलं नाही.

तळ्यावर मात्र जायचो. काठावर दोन खुर्च्या आणि म्हातारीच्या थर्मासमधला दुधाचा चहा. तो पुलावरून बघावं तसा पाण्याकडे बघत बसायचा. त्या झाडाकडे जरा जास्त.

या वसंतात एका रविवारी ती म्हणाली की जमीन विकली. मुलाकडे जाणार. तिला आता कुंपणं दुरुस्त करवत नाहीत. आसपासच्या जमिनी आधीच गेल्या होत्या. त्यांवर रस्ते आखलेले आणि एकसारखी छपरं उभी राहिलेली आम्ही येताना पाहतच होतो.

"आणि तळं?" मी विचारलं.

"बुजवतील. आधी पंपाने पाणी काढतील."

तो तिच्याकडे बघत होता. तोंड उघडलं, ओठ जुळवले, कपाळावर शीर उठली. तिने वाट पाहिली. मीही पाहिली. मधे बोलायचं नाही, शब्द पुरवायचा नाही, हे मला शिकवलेलं आहे. काहीच आलं नाही. शेवटी त्याने हात पाण्याकडे केला आणि तळवा वर करून तसाच ठेवला.

तिला कळलं. "कुणीतरी येऊन मासे दुसरीकडे नेतात म्हणे," ती म्हणाली. "निदान सांगतात तरी तसं. आय डोन्ट नो, लव्ह."

मी त्याचा तळवा धरला.  म्हातारीने कपांमध्ये उरलेला चहा ओतला. गायी पलीकडच्या काठाला पाणी प्यायला उतरल्या होत्या. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि शेजारी ठेवलेला छोटा रॉड मागितला. मी दिला. डाव्या हाताने, बसल्या बसल्या त्याने फेक केली. ती आमच्या पायांपासून जेमतेम चार हातांवर पडली. रीळ फिरवायला त्याला दुसरा हात नाही, म्हणून ते मी फिरवलं.